लाखाच्या आतला ओटा

मॉड्युलर किचनच्या दुकानात पहिला प्रश्न बजेटचा असतो, दुसरा रंगाचा. तिसरा नसतो. जळगावच्या एका दुकानात मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं एसीच्या गारव्यात बसलो होतो आणि समोरच्या पडद्यावर आमचं स्वयंपाकघर गरगर फिरत होतं. माप आमचं होतं, बाकी काहीच आमचं नव्हतं. खिडकीबाहेर हिरवंगार लॉन होतं. अमळनेरला आमच्या खिडकीतून शेजारच्यांची काळी टाकी दिसते. दुकानातला मुलगा मोठा नम्र होता. ग्लॉसी की मॅट, हँडल की बिनहँडल, असं विचारत विचारत त्याने कागदावर साडेतीन लाखांच्या पुढचा आकडा लिहिला आणि "जीएसटी वेगळा" एवढं जरा हळू म्हणाला.

आमच्याकडे एक लाख होते. माझी भिशी लागली होती आणि कापसाचे थोडे शिल्लक होते. त्या लाखावर डोळा ठेवून असलेले आणखी खर्च होतेच, पण ते सोडा.

गाडीत बसलो. धरणगाव गेलं तरी कोणी बोलेना. मग आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) एकदम म्हणाल्या, "इतलं इचारं त्यानी, पन भाकरी कोन करस ते इचारं नही."

आमच्या घरात भाकरी आई करतात. दादरची (रब्बी ज्वारीची) रोज, आणि हिवाळ्यात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची. वय सत्तरीच्या पुढे. बाकीचा स्वयंपाक माझा, तोही पतसंस्थेत जाण्याच्या गडबडीत. त्या बुटक्या, मी उंच. त्यांना बसून काम जमतं, मला उभ्याने. एका स्वयंपाकघरात दोन बायका इतक्या वेगळ्या शरीरांनी वावरत असतील, तर रंग कुठला याला काय अर्थ आहे? पण हे मला तेव्हा गाडीत इतकं स्वच्छ सुचलं नव्हतं. आईंच्या बोलण्यावर आम्ही दोघं नुसते हसलो होतो.

आमचं घर दोन काळांचं आहे. पुढचा भाग धाब्याचा: सागाचे खांब, त्यावर सागाच्या कड्या आणि वर मातीचं जाड छत. मागची स्वयंपाकघराची खोली नंतर बांधलेली, स्लॅबची. खानदेशात या दोहोंतला फरक एप्रिल-मे महिन्यात अंगाला कळतो. पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा धाब्याखाली माणूस दुपारी झोपू शकतो, स्लॅबखाली नुसता पडून राहतो. आणि आपण स्वयंपाकघर नेमकं स्लॅबखाली नेलं. चुलीचा धूर गेला, गॅस आला, शहाबादी फरशीचा ओटा आला, ही त्या काळची मोठी सुधारणा होती. ओटा ज्या गवंड्याने बांधला त्याने तो आपल्या अंदाजाने बांधला. माझ्या कमरेच्या मानाने तो फार खाली, आणि आईंना बसून वापरता येण्याच्या मानाने फार वर. म्हणजे घरातल्या एकाही बाईच्या मापाचा नाही.

कमी पैशांत स्वयंपाकघर बसवण्याचा विषय निघाला की मला एक जुनी गोष्ट आठवते. 1926 साली जर्मनीत फ्रँकफर्ट शहराने कामगार आणि मध्यमवर्गासाठी स्वस्त घरं बांधायला घेतली, तेव्हा मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी त्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. पुढे तसली दहा हजारांच्या आसपास बसवली गेली. आजच्या मॉड्युलर किचनची आजी म्हणतात ती हीच. आकार जेमतेम 1.9 मीटर बाय 3.4 मीटर, म्हणजे सव्वासहा फूट बाय अकरा. आमच्या खोलीपेक्षा अरुंद! बाईंनी काय केलं, तर काम करणाऱ्या बाईची पावलं आणि वेळ मोजला, आणि त्यावरून ओटा, सिंक, कपाट यांच्या जागा ठरवल्या. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला स्वयंपाक येत नव्हता, आणि हे त्यांनी लपवलंही नाही. पण त्या स्वयंपाकघरात त्यांनी एक फिरतं स्टूल ठेवलं होतं, बसून काम करता यावं म्हणून. शंभर वर्षांत ते स्टूल कुठे हरवलं कोण जाणे. आज कुठल्याही शोरूममध्ये ओट्यापाशी बसायची सोय दिसत नाही. दिसतो तो बार स्टूल, आणि तो खाणाऱ्यासाठी असतो.

तर आम्ही शोरूमचा नाद सोडला आणि मिस्त्री आप्पांना बोलावलं. आप्पा गावातले जुने गवंडी. खिशात पेन्सिल, हातात टेप, आणि बोलणं अर्धं अहिराणी, अर्धं सिमेंटच्या गोण्यांच्या हिशेबाचं. त्यांनी आल्या आल्या चहा घेतला, कपाट कुठे लावायचं हे काही विचारलं नाही, थेट मोरीच्या तोंडाशी उकिडवे बसले आणि तांब्याभर पाणी फरशीवर ओतलं. पाणी मोरीकडे जायच्या ऐवजी सिलिंडरखाली जाऊन थांबलं. आप्पा म्हणाले, "वहिनी, रंग कोनताबी लावा, पानी त्याले जठे जानं शे तठेच जाई."

अमळनेरची जमीन काळी. उन्हाळ्यात ती आक्रसते, हातभर खोल भेगा पडतात. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते. वर बांधलेलं घर दर वर्षी थोडं हलतं. आमच्या स्वयंपाकघराची फरशी एका कोपऱ्यात खचली होती ती यामुळे, आणि खिडकीखालची तिरपी भेगही त्यातलीच. आप्पांचं म्हणणं असं, की नुसतं वरून टाइल्स चिकटवल्या तर दोन पावसाळ्यांत भेग टाइलीतून वर येईल. भेग रुंद खोदून, जाळी मारून, मग गिलावा. फरशी उखडून खालचा भराव ठोकून, मग कोबा, आणि त्याला मोरीकडे ढाळ: दहा फुटांना साधारण इंचभर. या सगळ्यात लाखातला एक मोठा तुकडा गेला आणि आज कोणी पाहुणं आलं तर त्यांना त्यातलं काहीही दिसत नाही.

न दिसणारे खर्च आणखीही होते. जुना लोखंडी पाइप आतून गंजून इतका बुजला होता की नळ पूर्ण सोडला तरी धार करंगळीएवढी. त्या जागी सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा पाइप टाकला. वायरिंग ट्यूबलाइटच्या काळातलं. त्यावर आता फ्रिज, मिक्सर आणि ग्राइंडर लोंबकळत होते. मिक्सर सुरू केला की दिवा मान टाकायचा. नवी जाड वायर, सोळा अँपियरचे वेगळे पॉइंट, अर्थिंग, एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच). नवऱ्याचा जीव तीळ तीळ तुटत होता. एवढे पैसे भिंतीत पुरायचे? पण ज्या दिवशी भिंत फोडून जुनी वायर बाहेर काढली आणि तिचं वेष्टण हाताला लागताच भुगा झालं, त्या दिवसानंतर त्याने वायरच्या पैशांबद्दल अवाक्षर काढलं नाही.

आता ओट्याची उंची. बाजारात सरसकट 33-34 इंच धरतात. साधा ठोकताळा असा, की उभं राहून कोपर वाकवलं की कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा यावा. आप्पांनी माझं माप घेतलं, 34 आलं. आईंचं घ्यायला गेले तर त्या म्हणाल्या, "माले उभं राहीसन भाकर जमस नही. माप कसानं लेतस?"

मुद्दा बरोबर होता. भाकरी थापताना वजन वरून पडावं लागतं, खांद्यातून. काटवट (पीठ मळायची लाकडी परात) गुडघ्याच्या उंचीवर असली की ते आपोआप पडतं. उंच ओट्यावर थापायला गेलं की नुसतं मनगट राबतं आणि भाकरी कडेला चिरते. पहिला विचार आला तो जमिनीलगत शेगडी ठेवण्याचा. आईंची आधीची सवय तीच. पण गॅसचा एक साधा नियम आहे: शेगडी कायम सिलिंडरच्या पातळीच्या वर हवी, जमिनीवर नको. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड. गळती झालीच तर तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो. आणि तिथेच आग, तिथेच बसलेलं माणूस. म्हणजे जमिनीवरची शेगडी बाद. त्याच कारणासाठी सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूला, अगदी फरशीलगत भोकं लागतात. वरच्या बाजूला जाळी लावून काही उपयोग नाही, हे मला आप्पांनीच सांगितलं.

दोन दिवस हा गुंता सुटेना. सुटला तो असा. एका संध्याकाळी मी मोठ्या पातेल्यात वरण घोटत होते आणि हात खांद्याच्या वर नेऊन रवी फिरवत होते. खालच्या त्या बुटक्या ओट्यावर वरून शेगडी, वर पातेलं, म्हणजे माझी रवी आधीच एवढ्या वर. मग ओटा 34 इंचांचा केला तर मला पातेल्यात डोकावायला पाट लागेल. म्हणजे शेगडीचा ओटा खालीच बरा! भाजी चिरायला उंच ओटा हवा. सिंक तर आणखी उंच चालेल, कारण भांडी आपण सिंकच्या काठावर घासत नाही, तळाशी घासतो, आणि कंबर मोडते ती त्या तळापायी. एकच सलग ओटा, एका उंचीचा, ही सोय दगड कापणाऱ्याची आहे, बाईची नाही.

मग आम्ही ओट्याचे दोन भाग केले. खिडकीकडचा सहा फूट लांबीचा, उंच: सिंक आणि चिरणं-निवडणं, खाली सिलिंडर. त्याला लागून भिंतीकडचा पाच फूट लांबीचा, बुटका: शेगडी, आणि शेगडीच्या उजव्या हाताला काटवट मावेल एवढी मोकळी जागा. सिलिंडरचं डोकं मोजलं, त्यावर चार बोटं धरली आणि बुटक्या ओट्याची उंची ठरली. त्याच्याखाली एकही कप्पा केला नाही, गुडघे आत जाण्यासाठी सगळी जागा मोकळी सोडली. आणि बसायला स्टूल.

स्टुलाला आईंचा कडाडून विरोध. "खुर्चीवर बसीसन भाकर? मी काय हापिसमा शे का?" त्यांना एक पाय दुमडून बसायची सवय, आणि स्टुलावर तसं बसता येत नाही. शेवटी धाब्यातली एक कडी वाळवीने एका टोकाला खाल्ली म्हणून कधीतरी बदलली होती, ती गोठ्यात पडून होती. तिचं चांगलं टोक सुताराकडे नेलं. साग आतून अजून तेलकट, पिवळाधमक. त्याने चौरंगाएवढं रुंद, पण पायांनी उंच असं एक बैठं स्टूल करून दिलं, एक पाय वर घेऊन बसता येईल असं. सुतार मजुरीचे पैसे घेताना म्हणाला, असं लाकूड आता विकत घ्यायला गेलात तर अख्खा ओटा त्यात होईल.

दगडाची निवड पैशांनी केली, पण डोळे मिटून नाही. वरचा थर काळ्या ग्रॅनाइटचा, बाकी सगळं कडप्पा. उभे आधार, आडवे कप्पे, भिंतीतली फळी, सगळं. कडप्पा, शहाबादी आणि कोटा ही तिन्ही चुनखडीच्या जातीची. लिंबू, चिंच, ताक सांडलं की आंबटाने त्यांची झिलई जाते, पांढरट डाग राहतो. आमच्या घरात चिंचेशिवाय आमटी नाही आणि लिंबाशिवाय जेवण नाही, म्हणून वर ग्रॅनाइटच. कप्प्यांमध्ये मात्र चिंच सांडत नाही, डबे बसतात. तिथे कडप्पा उत्तम. लाकडाचे किंवा प्लायचे कप्पे आमच्याकडे वाळवीला आमंत्रण. दुकानदार म्हणेल 710 नंबरचं मरीन प्लाय घ्या, आणि ते असतंही चांगलं, पण सिंकखाली ओल राहिली की त्याच्याही कडा कधी ना कधी फुगतात. दगडाला ती काळजी नाही. कप्प्यांना दारं केली नाहीत. दारांचे पैसे उरले नव्हते हे खरं, आणि आईंना दारं नकोच होती हेही खरं.

याबाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे. खानदेशातल्या घरात भांडी मिरवतात. भिंतीवरच्या मांडणीत ताटं उभी, वाट्या उपड्या, पेले एकात एक, पितळी डबे उतरत्या क्रमाने. दारातून आलेल्या बाईचा डोळा आधी तिकडे जातो. लग्नात आलेलं कुठलं, बोहारणीकडून जुन्या साड्यांवर घेतलेलं कुठलं, हे आईंना प्रत्येक भांड्याचं ठाऊक आहे. मॉड्युलरचा सगळा जोर उलटा, की घरात भांडी आहेत हेच दिसू नये. शोरूममध्ये मला सगळ्यात उदास वाटलं ते त्या गुळगुळीत बंद भिंतीमुळे. स्वयंपाकघर आहे की बँकेचं लॉकर? आमची जुनी स्टीलची मांडणी काढायची की ठेवायची यावर नवरा आणि लेक एका बाजूला, आम्ही दोघी एका बाजूला. मांडणी राहिली. तिच्या मागची भिंत तेवढी नीट रंगवून घेतली.

कप्प्यांची उंची कशावरून ठरवायची? इथे अमळनेरचा इतिहास आडवा आला. 29 डिसेंबर 1945 रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी आमच्या गावात 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' नावाची कंपनी काढली. शेंगदाण्याच्या मुलखात वनस्पती तूप करायचा कारखाना. तीच पुढे विप्रो झाली. गावातल्या काही घरांनी त्या काळी तिचे शेअर घेतले, विकले नाहीत, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांचं भलं झालं. ही गोष्ट अमळनेरचा प्रत्येक माणूस पाहुण्याला पहिल्या चहाला ऐकवतो. आमच्या घरात शेअर कोणी घेतले नाहीत. आमच्याकडे तुपाचे रिकामे डबे आले. चौकोनी पत्र्याचे, पंधरा किलोचे. त्यांना झाकणं लावून घेतली, रंग दिले, आणि गेली कित्येक वर्षं त्यात डाळी, शेंगदाणे, बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया सुखाने नांदतात. तर खालच्या कप्प्याची उंची म्हणजे हा डबा अधिक हात आत जाण्याएवढी जागा. आप्पांनी टेप न लावता डबाच उभा केला आणि भिंतीवर पेन्सिलची रेघ मारली. शेअर असते तर मॉड्युलर किचन झालं असतं, असा विनोद नवऱ्याने तेव्हापासून इतक्यांदा केलाय की आता आप्पासुद्धा हसत नाहीत.

टाइल्स मोरबीच्या. गुजरात आम्हाला जवळ, माल भरपूर येतो, आणि मोठ्या बांधकामांतून उरलेल्या पेट्या दुकानदाराकडे मागच्या खोलीत पडून असतात. त्या निम्म्या भावात मिळाल्या. अट एकच, की पेटीवरचा शेड नंबर बघून घ्यायचा. एकाच डिझाइनचे दोन लॉट दुकानात सारखे दिसतात आणि भिंतीवर उन्हात वेगळे. भिंतीला ओट्याच्या वर दोन फूटच टाइल लावली, जिथे फोडणी उडते तेवढीच. छतापर्यंत टाइल कशाला? वरच्या भिंतीला फार तर वाफ लागते.

फरशीसाठी मात्र चकचकीत व्हिट्रिफाइडचा मोह मी ठरवून टाळला. त्याच्यावर रंगही छान मिळतात, डागही पडत नाहीत. पण आमच्याकडे सणाला स्वयंपाक ओट्यावर होत नाही. पुरण वाटणं, पातोड्यांचं पीठ घेरणं, बिबड्यांचा घाटा, पापड, हे सगळं जमिनीवर, चार-पाच बायकांच्या गोलात. त्या दिवशी फरशी हाच ओटा असतो, आणि भिंतीकडचा ओटा नुसता ठेवायची जागा. शोरूमच्या चित्रात मधोमध आयलंड, म्हणजे सुटा ओटा होता. आमच्या खोलीच्या मधोमध ते बांधलं असतं तर अख्ख्या भावकीला बाहेर बसावं लागलं असतं! म्हणून मधली जागा पूर्ण मोकळी, आणि खाली बिनपॉलिशची कोटा फरशी. तेलकट पायाने घसरायला होत नाही, अंग टेकलं तर गार लागते, आणि वापरून वापरून तिला स्वतःची झिलई येते.

काम आखाजी (अक्षय्य तृतीया) उरकल्यावर, भर मे महिन्यात काढलं. लोक म्हणाले, वेड लागलंय. पण आखाजीला नणंदा येतात, खापरावरच्या (मातीच्या मोठ्या उपड्या तव्यावरच्या) पुरणपोळ्या आणि आमरस होतो, तेव्हा घर मोडून ठेवता येत नाही. पुढे श्रावणात कानबाई, आमच्या खानदेशची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, आणि तिच्यासाठी घर झाडून, सारवून, रंगवून, भांडंन्‌भांडं घासून लख्ख लागतं. मधल्या पावसाळ्यात वाळूही महाग आणि भिंतीही वाळत नाहीत. उरतो मे. उन्हाळ्यात सिमेंटला पाणी मारणं हेच मोठं काम. साधं सिमेंट असेल तरी सात दिवस ओल टिकली पाहिजे, आणि अशा कोरड्या झळांत त्याहून जास्त. नाहीतर वरचा थर करपतो आणि केसाएवढ्या चिरा पडतात. आणि नळाला तर रोज पाणी नाही. मग ज्या दिवशी पाणी येणार त्याच्या आदल्या दिवशी कोबा, असा आप्पांनी कामाचा सगळा क्रम नळावर बसवला. कोब्यावर ओलं गोणपाट, आणि त्यावर दर दोन तासांनी तांब्याने पाणी शिंपायची जबाबदारी लेकीची. तिने मोबाइलवर अलार्म लावले होते.

तोवर स्वयंपाक ओसरीत आणि अंगणात. मला वाटलं होतं हाल होतील. झाले नाहीत फारसे. ओटा फोडला त्या दिवशी आईंनी अंगणात गोवऱ्या पेटवून बट्ट्या भाजल्या, मिस्त्री, बिगारी आणि आम्ही सगळे एकत्र वरण-बट्टी जेवलो. संध्याकाळी अंगणात वारा असतो, धूर वर निघून जातो, कोणाचा जीव घाबरत नाही. तेव्हाच मनात आलं, की बाहेरची चूल मोडायची नाही. खापर काही गॅसवर ठेवता येत नाही. ते केवढं मोठं, आणि त्याला खालून पसरट जाळ लागतो. बिबड्यांचा घाटा, कैरीचं लोणचं, काळ्या मसाल्यासाठी मिरच्या-खोबरं भाजणं, ही सगळी धुराची आणि ठसक्याची कामं अंगणातलीच. ती आत आणायची म्हणून चिमणी, आणि चिमणीसाठी पंधरा-वीस हजार. अंगण असताना?

चिमणीऐवजी बारा इंची एग्झॉस्ट बसवला, शेगडीच्या बाजूच्या भिंतीत, छताला लागून. गरम हवा वरच जमते. समोरच्या बाजूची खिडकी उघडी राहील तरच पंखा हवा ओढतो, नाहीतर नुसता आवाज करतो. हे सोपं तत्त्व आमच्याकडे निम्म्या घरांत पाळलं जात नाही, खिडक्या धुळीसाठी बंद. खिडकी पश्चिमेची. चारनंतर ऊन थेट काटवटीवर यायचं. तिला बाहेरून पत्र्याचं लहानसं छज्ज्यासारखं लावलं. आणि गच्चीला चुना. पांढरा चुना ऊन परतवतो, स्लॅब कमी तापतो. सगळ्या कामात सगळ्यात स्वस्त गोष्ट कुठली असेल तर ती ही, आणि फरक सगळ्यात जास्त तिचाच जाणवला. रात्री आठला भिंतीला हात लावला तर आधी चटका बसायचा, आता कोमट लागते. धाब्याची सर अर्थात नाही.

कानबाईला मोजून दळलेल्या गव्हाचे रोट होतात आणि ते घरच्या भावकीनेच संपवायचे असतात. यंदा सगळे आमच्याकडे. जावा, पुतण्यांच्या बायका, एक चुलतसासू. स्वयंपाकघरात शिरल्या शिरल्या प्रत्येकीने उंच ओट्याला हात लावून बघितला, बुटक्या ओट्याला बघून भुवया उंचावल्या. "हाई काय, अर्धाच बांधा का?" पैसे संपले असावेत असा सगळ्यांचा समज. आईंनी काही खुलासा केला नाही. स्टुलावर एक पाय घेऊन बसल्या आणि पुरण परतायला लागल्या. सगळ्यात धाकटी जाऊ उंच ओट्यावर भोपळा चिरत होती, चुलतसासू खाली फरशीवर पुरण वाटून घेत होत्या, आणि मी मधून इकडे तिकडे कोणाच्या पायावर पाय न देता फिरू शकत होते. दुपारी चुलतसासूंनी मला बाजूला घेऊन आप्पांचा फोन नंबर मागितला. त्यांचे गुडघे गेलेत, खाली बसवत नाही आणि उभंही राहवत नाही. पुरणासाठी मात्र त्या दिवशी त्या हट्टाने खाली बसल्या होत्या.

हिशेबाची वही दिवाळीपर्यंत उघडीच राहील असं दिसतं. लाखाच्या वर थोडे गेले, ते लेकीच्या बाबांनी ओव्हरटाइममधून भरले आणि त्याचा उल्लेख दर रविवारी होतो. आता पुढच्या पैशांवर तिघांचे तीन दावे आहेत. नवऱ्याला कप्प्यांना अॅल्युमिनियमची दारं हवीत, निदान सिंकखाली. मला गच्चीवर आणखी एक हात चुना हवा, पावसाने आधीचा धुतला. आईंना अंगणातल्या चुलीवर पत्रा हवा, म्हणजे अवकाळी पावसात बिबड्यांचा घाटा उतरवून पळावं लागणार नाही. कापसाला बोंडं बरी धरली आहेत, बोंडअळी कितपत ठेवते ते वेचणीलाच कळेल. आप्पा परवा चुलतसासूंकडे जाता जाता आले होते. चहा घेतला, आणि कोणी सांगितलं नसताना पत्र्याचं माप घेऊन गेले.